झड, पाझर आणि ओल : वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरला की भिंतींची आणि गच्चीची पत्रं येऊ लागतात. त्यांतली काही इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं न देता फक्त परिसर दिला आहे.

प्रश्न : आमचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर आहे. ताबा घेऊन तीन वर्षं झाली. हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीला दर जुलैत ओल येते, पोपडे निघतात. आतून दोनदा वॉटरप्रूफ पुट्टी आणि एकदा ओलरोधक रंग मारून झाला. आता रंगारी म्हणतो, एपॉक्सी मारू. मारावं का?
(घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : मारू नका. पाणी बाहेरून येतंय आणि तुम्ही त्याला आतल्या उंबऱ्याशी अडवताय. तोवर अख्खी भिंत भिजलेली असते. आतला थर जितका घट्ट, तितकं पाणी त्याच्यामागे साठतं. मग ते थराला भिंतीपासून सोडवतं, नाहीतर बाजूला सरकून आजवर कोरड्या राहिलेल्या भिंतीत निघतं. एपॉक्सीनेही हेच होईल, फक्त पोपडा मोठा निघेल.

आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. वरच्या मजल्यांवर त्याला अडवायला काही नसतं, त्यामुळे तिथे पाऊस पडण्याऐवजी भिंतीवर आपटतो. गावी ज्याला झड म्हणतात, तीच ही. सरळ पावसात कोरडी राहणारी केसासारखी भेग झडीत गळते, कारण वारा पाणी आत दाबतो.

पाणी शिरण्याच्या जागा बहुतेक ठरलेल्या असतात. पहिली जागा बीमच्या खालची. तुमच्या इमारतीत भिंती बहुधा हलक्या एएसी (सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या असतील. हा ब्लॉक वाळताना आकसतो, काँक्रीटचा बीम तसा आकसत नाही. दोघांमधली फट भिंत चढवल्याच्या दिवशीच मसाल्याने भरली, तर भिंत बसल्यावर तिथे आडवी भेग हमखास पडते. ही फट आठवडाभर तशीच ठेवून मग ठासून भरायची असते आणि सांध्यावर कोंबडीजाळी मारूनच गिलावा करायचा असतो. घाईत दोन्ही राहतं. दुसरी जागा खिडकी. सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. ती धुळीने बुजतात, आणि काही वेळा रंगाऱ्याने 'गळती थांबवायला' भरलेल्या सिलिकॉननेही. मग पट्टी भरून पाणी आत सांडतं. तारेने भोकं मोकळी करणं हा या पानावरचा सगळ्यात स्वस्त उपाय. तिसरी जागा एसीच्या नळ्यांचं भोक. त्याचा ढाळ बाहेरच्या बाजूला हवा. अनेकदा ते सरळ किंवा उलट आत उतरतं पाडलेलं असतं.

नेमकी जागा डिसेंबर ते एप्रिलमध्ये शोधा. भिंत पूर्ण कोरडी असताना बाहेरून पाइपने पाणी मारायचं, पण खालून वर. आधी खिडकीच्या खालचा भाग, मग खिडकीच्या बाजू, मग वरचा सांधा, मग छज्जा. प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटं मारा आणि आत एक माणूस बसवा. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे जातो आणि काहीच कळत नाही.

भेग बीमखालची निघाली, तर सांध्याच्या वर-खाली प्रत्येकी १५० मिलिमीटर गिलावा काढून फट पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने ठासायची. त्यावर ३०० मिलिमीटर रुंदीची जाळी मारून दोन हातांचा गिलावा करायचा. पहिला हात १२ ते १५ मिलिमीटरचा, त्याला ओरखडे पाडून, दुसरा ८ ते १० मिलिमीटरचा. सात दिवस पाणी मारायचं. दोरीवर लटकून काम करणारे हे पाणी मारणं टाळतात, कारण त्यासाठी रोज पुन्हा उतरावं लागतं. करारात लिहून घ्या. त्यावर भेगेबरोबर ताणला जाणारा ॲक्रिलिक बाह्यरंग. आतला ओलरोधक रंग मात्र खरवडून काढा आणि बाहेरचं काम झाल्यावर भिंतीला निदान एक उन्हाळा उघडी वाळू द्या.

हे सगळं स्वतःच्या खर्चाने करण्याआधी एक गोष्ट. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत कामातला दोष निदर्शनास आणला, तर विकासकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तुमची दोन वर्षं शिल्लक आहेत. तारखेसह फोटो काढून लेखी पत्र द्या. तोंडी तक्रारीला काही अर्थ नाही.

प्रश्न : आमच्या चार मजली इमारतीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग आजवर तीनदा झालं. दर वेळी आधीच्या कोब्यावर नवा थर टाकला. वरच्या मजल्यावर गळती आहेच. आता एक ठेकेदार चौथ्या थराचं आणि दुसरा पत्र्याच्या शेडचं सुचवतो. कमिटीत दोन तट पडले आहेत.
(नेरुळ, नवी मुंबई)

उत्तर : चौथ्या थराचा विषय आजच बंद करा. त्यात गळतीपेक्षा मोठा धोका वजनाचा आहे.

विटांच्या तुकड्यांचा कोबा सरासरी ११५ मिलिमीटर जाड धरला, तर चौरस मीटरला साधारण २२० किलो भरतो. म्हणजे हजार चौरस फुटांवर वीस टन. वापरत्या गच्चीवर माणसं, सामान वगैरे चल भारासाठी आपलं भारतीय मानक चौरस मीटरला दीडशे किलो धरतं. एक जादा कोबा टाकला की तेवढा भार स्लॅबवर कायमचा बसला, वर आणखी सत्तर किलो. तुमच्या गच्चीवर असे दोन जादा थर आधीच आहेत. त्यामुळे पहिलं काम संरचना अभियंत्याला बोलावण्याचं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं संरचना परीक्षण पाच वर्षांतून एकदा, त्याहून जुनीचं तीन वर्षांतून एकदा करावंच लागतं. तुमचं राहिलं असेल तर हेच निमित्त.

थरावर थर देऊन गळती का थांबत नाही? खालचे थर पाणी पिऊन बसलेले असतात. वरून झाकलं की त्या पाण्याला वर वाळायची वाट उरत नाही, ते खालीच झिरपत राहतं. वर पातळ रासायनिक लेप मारला असेल, तर उन्हात खालच्या पाण्याची वाफ होऊन त्याला फोड येतात आणि फोड फुटले की लेप गेला. दुसरं कारण कठड्याशी असतं. प्रत्येक थराने गच्ची चार-पाच इंच वर येते. मूळ वाटा, म्हणजे कठड्याच्या बुडाशी दिलेला गोल चढ, त्याखाली गाडला जातो आणि पाणी कठड्याच्या साध्या गिलाव्यातून मागे शिरतं. पावसाळी पाइपचं तोंडही असंच खड्ड्यात जातं.

खरा उपाय म्हणजे सगळे थर स्लॅबपर्यंत काढणं. काम ऑक्टोबरअखेर सुरू करा. मोठा ब्रेकर लावू देऊ नका. छिन्नी-हातोडा किंवा हलकं यंत्र. राडारोडा गच्चीच्या मधोमध न साठवता रोज खाली उतरवा. दिवाळीच्या सुमारास एखादी सर येतेच, तेव्हा एका वेळी निम्मीच गच्ची उघडा. स्लॅब दिसला की भेगा इंग्रजी व्ही आकारात कापून पॉलिमर मसाल्याने भरायच्या. गंजलेली सळई दिसली तर ती मागूनही मोकळी करून, घासून, गंजरोधक लावून मगच झाकायची. वरवर लिंपलेली सळई आत फुगत राहते, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. खाडीच्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं.

मग नवा कोबा, एकच. भट्टीत नीट भाजलेल्या विटांचे तुकडे, आधी भिजवलेले, उभे-आडवे रचून मधल्या फटी वॉटरप्रूफ मसाल्याने भरायच्या. ढाळ शंभराला एक. पाइपपासून सर्वांत लांबचं टोक दहा मीटरवर असेल, तर तिथली जाडी पाइपजवळच्या जाडीपेक्षा १०० मिलिमीटरने जास्त यायला हवी. गवंड्याला हा आकडा आधी सांगा, 'ढाळ देतो' एवढ्यावर सोडू नका. कठड्यावर ३०० मिलिमीटर उंच वाटा, आणि त्याचं वरचं टोक कठड्यात इंचभर खाच मारून आत दाबलेलं. वर चायना मोझेक. फरशीचे पांढरे तुकडे वापरले तर वरच्या मजल्याला उन्हाळाही सुसह्य होतो.

पाइप मोजा. ताशी शंभर मिलिमीटर पावसात १०० मिलिमीटरचा एक उभा पाइप साधारण चाळीस चौरस मीटर गच्चीला पुरतो. तीनशे चौरस मीटर गच्चीवर अशा पावसात तासाला तीस हजार लिटर पाणी पडतं. त्याला सात-आठ पाइप लागतात, आणि अनेक जुन्या इमारतींना चारच असतात. पाणी तुंबून वाट्याच्याही वर चढतं तेव्हा वॉटरप्रूफिंगला दोष देण्यात अर्थ नाही.

पैसे देण्याआधी गच्चीवर दोन इंच पाणी सात दिवस साठवा. पातळी उतरली की ठेकेदार 'उन्हाने उडालं' म्हणतो. त्यासाठी बाजूलाच पाण्याने भरलेलं एक पसरट घमेलं ठेवा आणि दोन्हीकडे पट्टीने रोज मोजा. घमेल्यात जेवढं उतरलं, तेवढं ऊन. बाकीचं स्लॅबमध्ये.

आता शेड. पाऊस अडवायला ती चांगली आणि उन्हालाही चांगली. महापालिकेच्या परवानगीशिवाय मात्र टाकू नका, आणि कोबा न काढता टाकत असाल तर आधी अभियंत्याचं मत घ्या, कारण जादा वजन तसंच राहणार. खांब वॉटरप्रूफिंगला भोकं पाडून रोवू नयेत. इमारतीच्या कॉलमवर काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यावर बसवावेत. पत्र्याचं पाणी पन्हळीतून पाइपमध्ये जायला हवं. ते कठड्यावर सोडलेल्या इमारतीत वरची गळती थांबते आणि बाहेरच्या भिंती भिजू लागतात. पत्र्याला वाऱ्याचा भार खालून वर बसतो, हे २०२० च्या निसर्ग वादळानंतर कोकणात कुणाला सांगायला नको. कडेच्या ओळींना पत्रा धरून ठेवणारे आकडे दाट लावा.

प्रश्न : मुलगा टोरांटोला असतो. तिथे त्याच्या घराच्या भिंतीत आतल्या बोर्डामागे प्लॅस्टिकचा कागद आहे, त्यामुळे ओल येत नाही म्हणतो. आमच्या बेडरूममध्ये बाहेरच्या भिंतीला लागून कपाट आहे, त्यामागे दर पावसाळ्यात काळी बुरशी येते. भिंत बाहेरून गळत नाही, तपासून घेतली. लाकडी पॅनेलिंग करणार आहोत, त्यामागे तसंच प्लॅस्टिक घालावं का?
(खारघर, नवी मुंबई)

उत्तर : घालू नका. तिथे बरोबर आहे, इथे तेच चूक आहे, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे.

हवेतली वाफ जिथे जास्त तिथून कमी असेल तिकडे जाते, आणि वाटेत पुरेसा थंड पृष्ठभाग लागला की पाणी होऊन बसते. टोरांटोच्या जानेवारीत बाहेर उणे पंधरा धरा, घरात एकवीस अंश. घरातल्या एका घनमीटर हवेत साधारण सात ग्रॅम वाफ, बाहेर दीड. वाफ आतून बाहेर निघते आणि भिंतीच्या थंड बाहेरच्या थरांत गोठते. म्हणून प्लॅस्टिक उबदार बाजूला, म्हणजे आत.

खारघरचा जुलै घ्या. बाहेर तीस अंश आणि ८५ टक्के आर्द्रता, म्हणजे घनमीटरला सुमारे २६ ग्रॅम वाफ. या हवेचा दवबिंदू २७ अंशांच्या थोडा वर. तुमच्या खोलीत एसी २४ वर धरा. चोवीस अंशांची हवा जास्तीत जास्त बावीस ग्रॅमच्या आतबाहेर वाफ धरू शकते. वाफ बाहेरून आत येते, आणि आतल्या बाजूला प्लॅस्टिक असेल तर त्याच्या मागच्या अंगाला पाणी धरतं. ते तुम्हाला दिसत नाही, पॅनेल कुजल्यावर कळतं. प्लॅस्टिकसारखा वॉलपेपर, ऑइलपेंट, सनमायका लावलेली कपाटाची पाठ ही सगळी त्याच जातीची. आपल्याकडे वाफ अडवायची ती बाहेरच्या अंगाने आणि आतलं अंग श्वास घेणारं ठेवायचं. पॅनेलिंग करायचंच असेल तर बाहेरची भिंत सोडून आतल्या भिंतीला करा.

कपाटामागे आणखी एक भानगड होते. तिथे हवा फिरत नाही. एसी बंद झाल्यावर खोली तासाभरात उबते, खिडकी उघडली की दमट हवा येते, आणि कपाटामागची भिंत अजून थंडच असते. रोज तिथे दव पडतं. बुरशीला ओघळ लागत नाही. पृष्ठभागालगतची आर्द्रता सतत ऐंशी टक्क्यांच्या घरात राहिली तरी तिला पुरे.

कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे घ्या, खाली पाय लावून मोकळं ठेवा आणि वरही फट राहू द्या, म्हणजे मागून हवा चढेल. ते हलवता येणार असेल तर आतल्या भिंतीला न्या, प्रश्नच मिटला. एसी २६ वर ठेवा. खोलीच्या मानाने मोठा एसी बसवला असेल तर तो खोली झटकन थंड करून बंद पडतो, हवा कोरडी करायला त्याला वेळच मिळत नाही. थंड आणि कुबट खोलीचं हे नेहमीचं कारण. पावसाळ्यात ड्राय मोड वापरा. त्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नका, कारण मशिनच्या एका फेरीतले कपडे दोनेक लिटर पाणी हवेत सोडतात. शंभर-दोनशे रुपयांपासून मिळणारा आर्द्रतामापक भिंतीला टांगा. आकडा साठच्या खाली राहिला की बुरशी परतत नाही.

आहे ती बुरशी कोरड्या ब्रशने झाडू नका, बीजाणू घरभर उडतात. तोंडाला मास्क लावून साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा, भिंत वाळवा. ब्लीच वापरलंत तर त्यात टॉयलेटचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो.

हीच ओल की गळती, असा संशय कुणाला असेल तर दीड फूट चौकोनी पारदर्शक प्लॅस्टिक भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने सीलबंद करून एक दिवस ठेवा. पाणी प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या अंगाला दिसलं तर ते हवेतलं. भिंतीकडच्या अंगाला दिसलं तर भिंत ओली आहे.

प्रश्न : आमचं रो-हाउस जुनं आहे. तळमजल्याच्या भिंतींना गुडघ्यापासून कमरेपर्यंत ओल, पांढरा लोणा (क्षार). टाइल लावून झाकावं असं सुचवलं जातं.
(कोपरखैरणे, नवी मुंबई)

उत्तर : टाइल लावली की ओल टाइलच्या वर निघेल. जमिनीतलं पाणी विटांच्या आणि मसाल्याच्या बारीक छिद्रांतून, दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं, वर चढतं. ते जिथवर वाळून जाऊ शकतं तिथवरच त्याची मजल. तुम्ही वाळायची जागा झाकलीत की ते पुढची जागा शोधतं. खाडीकाठच्या भरावावर वसलेल्या भागात पावसाळ्यात भूजल जोत्याच्या जवळ येतं. त्यात रस्ते दर डांबरीकरणात उंच होत गेले आणि काही घरांची जोती त्यांच्याबरोबरीला आली.

आधी ही जमिनीचीच ओल आहे ना, हे बघा. ती भिंतीच्या बुडाशी सर्वांत जास्त असते, वरची रेघ जवळपास आडवी असते आणि बहुधा मीटरभराच्या वर जात नाही. एकाच ठिकाणी डाग असेल तर ड्रेनेजचा चेंबर किंवा नळाची पाइप तपासा.

मूळ उपाय जोत्यावरचा ओलरोधक थर, जो बांधतानाच घालतात : वॉटरप्रूफ काँक्रीटची दीड-दोन इंची पट्टी, वर डांबर. तो नसेल किंवा तुटला असेल, तर जमिनीपासून सहा इंचांवर विटांच्या आडव्या सांध्यात दर शंभर-एकशेवीस मिलिमीटरवर १२ मिलिमीटरची भोकं पाडून सिलेन-सिलोक्झेन या पाणी परतवणाऱ्या रसायनाची मलई भरतात. भोकाची खोली भिंतीच्या जाडीपेक्षा अर्धा-पाऊण इंच कमी. एकही सांधा सुटता कामा नये, नाहीतर पाणी तिथून चढतं. मग ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत जुना गिलावा काढून टाका. हे टाळू नका. त्यात मुरलेले क्षार हवेतलं पाणी ओढतात, त्यामुळे खालून येणारं पाणी थांबलं तरी पावसाळी हवेत भिंत पुन्हा ओली दिसते आणि लोकांना वाटतं, इंजेक्शन फसलं. लोणा कोरडाच झाडायचा. धुतलात तर तो विरघळून परत भिंतीत जातो.

भिंत वाळायला साधारण इंचाला एक महिना धरतात. नऊ इंची भिंतीला नऊ महिने. नवा गिलावा चुन्याचा करा, सिमेंटचा घट्ट नको, आणि वर चुना किंवा श्वास घेणारा रंगच द्या. बाहेर जोत्यालगत रोपांची माती टेकवून ठेवली असेल तर ती आधी काढा.

प्रश्न : वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून आमच्या छताला गळती आहे. वरचे म्हणतात सोसायटीचं काम, सोसायटी म्हणते वरच्यांचं. खरं कोणाचं?
(वाशी, नवी मुंबई)

उत्तर : गळती कशाची, त्यावर ते ठरतं. उपविधींप्रमाणे पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चाची. घरातल्या संडास, मोरी, सिंक वगैरेंची गळती त्या सदस्याच्या खर्चाची. म्हणून आधी निदान करा, भांडण नंतर.

वरच्यांनी दोन दिवस बाथरूमचे नळ बंद ठेवून मुख्य वाल्व्ह मात्र चालू ठेवायचा. थेंब तसेच पडत राहिले तर भिंतीतली दाबाखालची पाइप गळतेय. थांबले तर नहाणी ट्रॅपचं (जमिनीतल्या निचऱ्याच्या जाळीखालचं) तोंड बंद करून जमिनीवर इंचभर रंगीत पाणी ४८ तास साठवा. खाली रंग उतरला तर फरशीचे सांधे किंवा खालचं वॉटरप्रूफिंग गेलं. तेही कोरडं राहिलं तर ट्रॅप उघडून बादल्या ओता. आता गळलं तर ट्रॅपचा किंवा निचऱ्याच्या पाइपचा जोड. छतावरचा डाग पाइपच्या डक्टकडेच असेल आणि कुणी अंघोळ न करताही वाढत असेल, तर सामाईक पाइपवर संशय घ्या.

फक्त फरशीच्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरून 'काम झालं' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. सांधे एपॉक्सी ग्राउटने भरणं हा तात्पुरता इलाज म्हणून ठीक आहे. बुडीव स्लॅबमध्ये, म्हणजे बाथरूमखाली खोलगट ओतलेल्या स्लॅबमध्ये, पाणी साठलं असेल तर फरशी उखडण्याला पर्याय नाही.

प्रश्न : भेगेत पीयू (भेग बुजवणाऱ्या पॉलियुरेथेन रसायनाचं) इंजेक्शन दिल्यावर गळती लगेच थांबली, पुढच्या जूनमध्ये पुन्हा सुरू. फसवलं का?
(ऐरोली, नवी मुंबई)

उत्तर : फसवलं असेलच असं नाही. पाणी शोषून फुगणारा पीयू जिथे बारमाही ओल असते तिथे, म्हणजे तळघर किंवा पाण्याच्या टाकीत चालतो. गच्चीच्या स्लॅबमध्ये तो उन्हाळ्यात वाळून आकसतो आणि भेग उघडी पडते. पाणी न शोषणारा प्रकार वापरा, आणि तोही वाहतं पाणी थांबवण्यापुरता. स्लॅब वाळल्यावर भेगेत एपॉक्सी आणि वरून वॉटरप्रूफिंग लागतंच.

प्रश्न : देवरुखजवळ गावी घर बांधतोय. चुलतभावाने सोलापूरला बांधलेल्या घराचा नकाशा आवडला आहे : सपाट स्लॅब, छज्जे नाहीत, बाहेरून गुळगुळीत पांढरं. तसंच करावं का?
(कळवा, ठाणे)

उत्तर : सोलापूरकडे जुनी घरं माळवदाची, सपाट मातीच्या छपराची असत आणि ती टिकत, कारण पाऊस कमी आणि मधल्या उघडिपीत माती वाळून जाई. लेहमध्ये वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पडतो, तिथेही मातीचं सपाट छप्पर चालतं. रत्नागिरी जिल्ह्यात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक. तिथे भिंतीला वाळायला उघडीप मिळत नाही, म्हणून ती भिजूच द्यायची नाही.

उतरतं छप्पर घ्या, मंगळुरी कौलांना निदान तीस अंश. वळचण भिंतीच्या बाहेर तीन फूट. पश्चिमेला पडवी काढलीत तर त्याहून बरं. जोतं दोन फूट उंच. पागोळ्या पडतात त्या रेषेवर दगडी किंवा काँक्रीटचं गटार, नाहीतर उडालेले थेंब भिंतीचं बूड भिजवतात. जांभा सच्छिद्र असतो. त्याला चुन्याचा दर्जा भरा, म्हणजे दगडांमधले सांधे चुन्याने बुजवा, किंवा तसाच उघडा ठेवा, सिमेंटच्या घट्ट गिलाव्याने झाकलात तर आतली ओल आतच राहते. स्लॅब हवाच असेल तर घाला, पण त्यावर लाकडी किंवा लोखंडी कैचीचं कौलारू छप्परही आत्ताच अंदाजपत्रकात धरा. कोकणात सपाट स्लॅबवर पाच-सात वर्षांनी पत्रा चढतोच. तो घाईत, वाऱ्याचा विचार न करता चढतो.

प्रश्न : बाहेरचा गिलावा मेच्या तिसऱ्या आठवड्यात पूर्ण होईल. पावसाआधी लगेच रंग काढून घ्यावा का?
(माजिवडा, ठाणे)

उत्तर : नको. नव्या गिलाव्याला सात दिवस पाणी आणि एकूण २८ दिवस तरी द्यावे लागतात. ओल्या गिलाव्यावर रंग दिला तर आतलं पाणी त्याला फुगवतं आणि सिमेंटचा क्षार रंग विटवतो. गिलाव्यातल्या भेगा तेवढ्या भरून घ्या, सिमेंटला चालणारा एक हात अस्तर द्या आणि पावसाळा तसाच जाऊ द्या. कुठे ओल येते ते जुलैत खडूने आतून खुणा करून ठेवा, नोव्हेंबरमध्ये त्या जागा दुरुस्त करून मग रंग द्या. ठेकेदाराचं शेवटचं बिल तोवर अडवून ठेवता आलं तर जरूर ठेवा.